सावली असेल त्याला जागा

रविवार, ता. ४

आलो एकदाचे. सगळं सामान टेम्पोच्या एकाच फेरीत आलं, आणि ही गोष्ट मी मुद्दाम पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो आहे. मेहुण्याने पैज लावली होती की तीन फेऱ्यांच्या आत काम उरकलं तर मिशी उतरवीन. टेम्पो त्याचा, मिशी त्याची आणि माझी बायको ही बहीणही त्याचीच, तेव्हा सामानाचा अंदाज त्याला असायला हवा होता. पण गेला महिनाभर मी काय काय वाटून टाकलं, विकलं, भंगारात घातलं ते त्याने पाहिलं नव्हतं. दोन्ही खुर्च्या दोन खांद्यांवर घेऊन तो शेवटची खेप चढला, खांदे चोळत म्हणाला की दाजी, पैज गमतीत होती, आणि मिशीवरून हात फिरवत जिना उतरून गेला.

घर मनासारखं. सगळ्यात वरचा मजला, एक लांबट खोली, तिच्याच टोकाला ओटा, बाजूला न्हाणी, वर बिछान्यांपुरता माळा. दोन खिडक्या समोरासमोर, त्यामुळे वारा आरपार. जुन्या घराच्या चार खोल्या, व्हरांडा आणि मागची शेड झाडता झाडता हिचे गुडघे गेले आणि दुरुस्त करता करता माझ्या सुट्ट्या गेल्या. मूलबाळ नाही, येणारंजाणारं फारसं कुणी नाही. दोन माणसांना दोन माणसांपुरतं घर, इतका साधा हिशेब. हिचं म्हणणं वेगळं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, तुम्ही अंथरूणच कापायला घेतलंत, असं ही टेम्पोत बसल्यावर म्हणाली. मेहुणा इतका हसला की त्याचा गिअर चुकला.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. कुणी राहून गेलेलं घर पाहिलं की मी आधी भिंती हाताने चाचपतो. खिळ्यांची भोकं, लांबी भरून बुजवलेल्या जागा, कपाट घासल्याचे ओरखडे. भिंत सगळं सांगते. या भिंती काही सांगत नाहीत. एक खिळा कधी ठोकलेला नाही. फरशीवर पलंगाच्या पायाचा वळ नाही. आधीचा मालक एकटाच राहायचा, फार टापटिपीचा होता, असं दलालाने सांगितलं. म्हटलं, वा, हा तर आपल्याच पंथातला.

मंगळवार, ता. ६

कालपासून सावल्या काढायला घेतल्या आहेत.

सावल्या म्हणजे काय ते लिहितो. बसदुरुस्तीच्या कारखान्यात मी हत्यारखाना सांभाळला. शाळा लवकर सुटली. पाना कसा धरायचा इथपासून नकाशा कसा वाचायचा इथपर्यंत सगळं बघून बघून शिकलो, कुणी हाताला धरून शिकवलं नाही आणि मी कुणाचा हात मागितलाही नाही. त्या हत्यारखान्यात रोज संध्याकाळी काहीतरी गहाळ असायचं. मग एका सुट्टीत मी भिंतीवर मोठा फळा बसवला, एकेक हत्यार त्यावर धरून कडेने पेन्सिल फिरवली आणि आतला आकार काळ्या रंगाने भरला. पाना टांगला की रंग झाकला जातो. पाना जागेवर नसला की त्याच्याच आकाराचा काळा डाग तुमच्याकडे बघत राहतो. कामगार त्यांना सावल्या म्हणायला लागले. नियमही मीच केला: सावली असेल त्याला जागा, नसेल ते बाहेर. त्यानंतर कारखान्यात एक कानसही हरवली नाही.

तोच कायदा आता घराला. काळा रंग हिने चालू दिला नाही, इथे मला राहायचंय, बस नाही उभी करायची म्हणाली. म्हणून राखाडी ऑइलपेंट. खुर्च्यांच्या सावल्या त्यांच्या पाठीमागे भिंतीवर. ताटं, कप, पातेली, तवा यांच्या ओट्यामागे. कात्री, आरसा, छत्र्या, माझी पटाशी आणि हातोडी, किल्ली, हिचा कंगवा, सगळ्यांना आपापली सावली. टेबल आणि पलंग यांच्या पायांच्या फरशीवर. चपलांच्या दाराशी. काढून झाल्यावर हिने पायाच्या अंगठ्याने आपल्या चपला मुद्दाम तिरक्या केल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी वाकून सरळ केल्या. हिने परत तिरक्या केल्या. एरवी मी चिडलो असतो. आज हसू आलं.

शुक्रवार, ता. ९

चोरटा माल पकडला. माळ्यावर गादीच्या घडीमागे हिच्या आईचा थर्मास, टोपणाला तडा गेलेला, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून. हा थर्मास द्यायच्या ढिगात मी स्वतःच्या हाताने ठेवला होता. इथे कसा आला विचारलं, तर ही म्हणाली, पाय फुटले असतील. मी म्हटलं, याला सावली नाही. काढा की मग, रंग काय संपलाय, असं उत्तर आलं. एकाला काढली की दुसरा रांगेत उभा राहतो, जुनं घर असंच भरलं, हे मी शांतपणे समजावलं. बरीच घासाघीस होऊन रविवारी निकाल लावायचं ठरलं. तोपर्यंत थर्मास टेबलावर.

दुपारी आम्ही दोघंही ओट्यापाशी होतो. ही चिरत होती, मी नळाचा वायसर बदलत होतो. वळलो तर टेबल मोकळं.

पुढचं लिहायला नको, पण लिहितो. हिने सरळ माझ्यावर आळ घेतला. मी हिच्या कितीतरी वस्तू टाकल्या आहेत, पण भांडून टाकल्या आहेत, चोरून एकही नाही. आणि दार आतून बंद होतं, मी ओट्यापासून हललो नव्हतो. हे पटवायला गेलो तर ही म्हणाली की मग भिंतीनेच गिळला असेल, आणि तोंड फिरवून बसली. अपमान माझाही झाला होता. मीही फिरवलं.

सोमवार, ता. १२

थर्मास नाही. एवढ्याशा घरात वस्तू हरवायला जागाच नाही, हाच तर या घराचा गुण. म्हणून आज प्रयोग केला.

टेबलावर एक नटबोल्ट ठेवला, त्याला सावली नाही. शेजारी कात्री, तिला आहे. बघत बसलो, काही झालं नाही. पाठ फिरवून खिडकीशी गेलो. समोरचा न्हावी एका माणसाची अर्धी दाढी करून फोनवर बोलत होता, त्या माणसाच्या गालावरचा साबण वाळून पापुद्रे धरायला लागला होता. तेवढं पाहून वळलो. नटबोल्ट गेलेला. आणि कात्री टेबलावर नव्हती. कात्री भिंतीवर आपल्या सावलीवर टांगलेली होती, टोक खाली, मी टांगतो तशी.

हिला बोलावून पुन्हा करून दाखवलं. ही पांढरी पडली. मी मात्र, खरं लिहितो, सुखावलो. इतकी वर्षं मदतनीस आले आणि गेले, एकालाही नियम दोनदा सांगितल्याशिवाय कळला नाही. या घराला न सांगता कळला. ही म्हणाली की ते ठीक आहे, पण वस्तू जाते कुठे? उत्तर देण्याइतका तो प्रश्न मला मोठा वाटला नाही. निदान थर्मासाचा आळ तरी गेला.

मेहुण्याला फोनवर सांगितलं. म्हणाला, दाजी, असं घर माझ्या बायकोच्या कानावर घालू नका, आधी मलाच टेबलावर ठेवील.

बुधवार, ता. १४

दोन दिवस घराला कामाला लावलं. आणायला नको होते असे चार डबे, वायरींचं भेंडोळं, जुने शर्ट, माझ्याच पेटीतली गंजकी पाती. टेबलावर मांडायचं, पाठ करायची, वळायचं. टेबल स्वच्छ. भंगारवाल्याशी घासाघीस नाही, जिन्यावरून ओझं नाही. संध्याकाळी हिने माझा हात धरला. भरवू नका आता त्याला, म्हणाली. माणसाला सवय लागते, भिंतीलाही लागेल. मी हसून उडवून लावलं.

शुक्रवार, ता. १६

घराने आज चूक केली.

खिडकीकडच्या खुर्चीची सावली भिंतीवर नाही. खरवडलेली नाही, वरून चुना फासलेला नाही. नखाने पाहिलं, भिंग लावून पाहिलं. तिथे कधी काही काढलंच नव्हतं अशी भिंत. खुर्चीही नाही. ती हिची खुर्ची.

मेहुणा दुपारी आला होता. त्याला विचारलं, खुर्च्या वर कुणी चढवल्या? मी, म्हणाला, पण चढवल्या कसल्या, एकच तर होती. दुसरी? दाजी, दुसरी कुठली? ही मध्येच बोलायला गेली, मी खुणेने थांबवलं. थट्टा करताना या माणसाची मिशी आधी हलते. मी मिशीकडेच बघत होतो. हलली नाही.

तो गेल्यावर ही म्हणाली, तुमचा मदतनीस आता साहेब झाला.

मी नवी सावली काढली, हिच्या खुर्चीच्या जागी, मापाने, आठवणीतून. आठवण माझी पक्की आहे. आधी अस्तर दिलं, मग रंग. खुर्ची परत येईल असं नाही, पण हक्क नोंदवलेला बरा. रंग वाळायच्या आत भिंत पांढरी झाली. वासही राहिला नाही.

नियम माझा होता. सावली पुसायचा अधिकार मी कुणाला दिलेला नाही. उद्या परत काढणार.

रविवार, ता. १८

काल हिचा कप. मग हिचं ताट. आज सकाळी कंगवा, छत्री आणि दाराशी असलेल्या चपला. माझ्या चपला आहेत, सरळ, आपापल्या सावलीवर. मी दर वेळी परत काढतो, दर वेळी भिंत पुसून घेते. माझा हात थांबेल असं तिला वाटत असेल तर तिची गाठ चुकीच्या माणसाशी आहे. रंगाचा नवा डबा आणला.

जाणारं ते सगळं हिचं आणि राहणारं ते सगळं माझं, हे ध्यानात यायला मला इतका वेळ लागला याची लाज वाटते. हिच्या ध्यानात आधीच आलं होतं, बोलली नव्हती. दोन माणसांपुरतं घर असं मी म्हणालो होतो. घराचा हिशेब माझ्याहून काटेकोर निघाला.

मी म्हटलं, आत्ता निघू. हिने साफ नकार दिला. एक घर तुमच्या हट्टापायी सोडलं, दुसरं भिंतीच्या हट्टापायी सोडणार नाही, मी काय चमचा आहे का? असं म्हणून माझ्या कपातला चहा पिऊन टाकला आणि कप मुद्दाम खिडकीत ठेवला. अनवाणी होती. मला हिचा अभिमान वाटला. आणि माझ्याही मनात तेच होतं, हे खरं. घर सोडून पळणारा माणूस मी नाही.

तेव्हा लढायचंच ठरलं. दुपारी हिला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि कडेने पेन्सिल फिरवली. कानापाशी ही गुदगुल्या होतात म्हणून हलली, ती रेघ मी तशीच ठेवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, आज नीट बघितलंत, म्हणाली. मी म्हटलं, मापं पाठ आहेत. खोटं होतं. हिचा डावा खांदा उजव्याहून किती उतरला आहे हे मला आज कळलं.

दोन हात रंग दिला. सावली असेल त्याला जागा. बघू आता काय करतं.

मंगळवार, ता. २०

सावली पायांकडून जाते आहे. काल टाचा, आज गुडघ्यांपर्यंत. मी खालून भरत येतो, ते खालून पुसत येतं. रेघ सुटलेली नाही.

नजरेआड झालेलं जातं, म्हणून हिला नजरेआड करत नाही. झोपताना मनगटाला मनगट बांधतो. न्हाणीत गेली तर दार उघडं आणि बोलत राहायचं, असं ठरलं आहे. ही म्हणाली, जन्मभर गप्प बस म्हणत होतात, आता बोल म्हणता. आणि आतून काहीबाही बोलत राहते, शेजारणींची उणीदुणी, भावाच्या मिशीची कहाणी, मला नावं ठेवणं. मी भिंत रंगवत ऐकतो. आवाज येतो आहे तोवर ही आहे.

संध्याकाळी हिने हात पुढे केला. टाचांना फरशी लागत नाही, गार की गरम कळत नाही, असं म्हणाली. हसत म्हणाली, पण हात गार होता.

मी ब्रश ठेवला. म्हटलं, घर गेलं खड्ड्यात, तू हवीस. उद्या सकाळी निघू, भावाकडे. यावर वाद घालील असं वाटलं होतं. ही म्हणाली, जन्मात पहिल्यांदा काहीतरी ठेवायचं म्हणताय, टाकायचं नाही. चला.

बुधवार, ता. २१

लिहितो. लिहिलंच पाहिजे.

मेहुण्याचा टेम्पो खाली लागला, हॉर्न वाजला. हिचा हात माझ्या हातात. हिच्या दुसऱ्या हातात गाठोडं. दारापर्यंत आलो. दार उघडं. ही उंबऱ्यावर, मी मागे. आणि मी —

गॅस. बाहेर पडताना गॅसचा कॉक, नळ, खिडक्यांच्या कड्या पाहिल्याशिवाय मी निघत नाही. कधीच नाही. जळून जावं असं ज्या घराबद्दल वाटतं त्याचाही गॅस मी —

हीच म्हणाली. जा, बघून या, नाहीतर वाटभर गॅस गॅस करत बसाल. मी हात सोडला. बोलत राहा म्हटलं. ही बोलत होती. मी कॉक पाहिला, बंद होता. खिडकीची कडी पाहिली. मागून आवाज येत होता, म्हणत होती की तुमच्या मेहुण्याकडे गेल्यावर सावल्या बिवल्या काढायला घेतल्यात तर त्याची बायको तुम्हाला

एवढंच. वाक्य तिथेच राहिलं.

उंबरा मोकळा. गाठोडंही नाही. जिना रिकामा. भिंत पांढरी.

खाली हॉर्न वाजत होता.

गुरुवार, ता. २२

काल खाली धावलो. मेहुण्याला म्हटलं, तुझी बहीण. तो टेम्पोतून उतरला, माझ्याकडे पाहिलं, पाणी हवंय का विचारलं. मग म्हणाला — मिस्त्री, मला बहीण नाही.

मिस्त्री म्हणाला. दाजी नाही.

माझी त्याची ओळख कारखान्यातली, म्हणाला. त्याचा टेम्पो तिथे दुरुस्तीला यायचा, म्हणून माझं सामान आणून दिलं. एकट्या माणसाचं सामान, एक फेरी. मला धरून बसवलं, खांद्यावर थोपटलं. भला माणूस आहे. डोळे हिचे आहेत त्याचे. तेच डोळे, आणि त्यांत ही नाही.

मला माहीत आहे. एकट्या मला. ठीक आहे. एकटा पुरे. डावा खांदा उतरलेला. कानापाशी रेघ हललेली. चपला तिरक्या. वेणी पुढे घेऊन बोलायची. टोमणा मारून झाला की खालचा ओठ चावायची. थर्मास हिच्या आईचा. हे सगळं होतं. होतं आणि आहे. मी हिला 'ती' लिहिणार नाही.

शुक्रवार, ता. २३

दिवसभर भिंतींना हाका मारल्या. शिव्या दिल्या, ज्या कारखान्यातही दिल्या नव्हत्या. पलंगाचा पाय सावलीवरून सरकवला. वळलो, पाय जागेवर. कप फोडला. वळलो, कप जागेवर, अखंड.

म्हणजे मोडू देणार नाही. ठेवणार. मला ठेवणार.

दार उघडतं. किल्ली आपल्या सावलीवर आहे. मी बाहेर जाऊन आलो, बाजाराच्या टोकापर्यंत. घराने अडवलं नाही. का अडवील? मी परत येणार हे त्याला — हो, आलो. ही इथून गेली. दुसरीकडे कुठे शोधू?

आल्यावर दिसलं. हिची सावली होती त्याच भिंतीवर. माझी. मी काढलेली नाही. रेघ कुठेही तुटलेली नाही, कडेला रंग उतरलेला नाही, माझ्याहून सफाईदार हात. उभा आहे, मान किंचित खाली, कोपर दुमडलेलं — लिहिताना असतं तसं.

एक माणूस, एक खुर्ची, एक कप. टापटीप. आधीचा मालकही असाच ठेवला असेल.

त्या सावलीसमोर उभा राहिलो की पाठ आपोआप भिंतीकडे वळते. बरं वाटतं. हेच भयंकर आहे की बरं वाटतं. कात्रीला असंच —

नाही. मी टांगून घेणार नाही.

शनिवार, ता. २४

रात्र जागून काढली — पाठ खिडकीला लावून. सकाळी विचार केला, हत्यारखान्यात करायचो तसा. सरळ.

सावली असेल त्याला जागा. नसेल ते बाहेर.

बाहेर म्हणजे कुठे, हे हिने विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. आता उत्तर आणायला जातो.

पटाशी घेतली. भिंतीवरच्या माझ्या सावलीला पायांकडून लागलो. रंग चिवट आहे, अस्तरासकट खरवडतो. घर परत भरू पाहतं आहे, कडेने राखाडी सरकत येतं — येऊ दे. घाईत रंग धरत नाही, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. मी शिकलो आहे, हाताने.

पावलं गेली. चपला पायांतून निसटून आपल्या जागी जाऊन पडल्या. फरशी लागत नाही. गार की गरम कळत नाही. म्हणजे हिने सांगितलं ते हेच. म्हणजे वाट हीच.

गुडघे. कंबर. खुर्ची माझ्या मागे येऊन उभी राहिली, बसावं म्हणून. बसत नाही.

घर आवाज करतं आहे. पहिल्यांदाच. किल्ली खुळखुळते, कप आपटतात. नको म्हणतं आहे. इतकी वर्षं वस्तू टाकल्या, एकही नको म्हणाली नव्हती.

छाती झाली. श्वास आहे, पण इथला नाही. तिकडे पसारा असणार — सगळंच तिथे, कुणाकुणाचं काय काय, कशाला जागा नाही, कशावर काय पडलेलं. असू दे. त्यातून हिला शोधायचं. पसाऱ्यात हरवलेली वस्तू शोधणं, जन्मभर काय केलं मी दुसरं. आणि तिथे एकही सावली काढणार नाही. तिरक्या ठेव म्हणावं चपला, हव्या तशा.

मान. डोकं. कान — कानापाशी रेघ सरळ आहे, माझी हलली नव्हती. भिंत नीट दिसत नाही. अक्षर दिसतं.

डावा हात गेला. पटाशी पडली नाही, भिंतीवर जाऊन लागली. उरलं ते नखाने.

उजवा हात शेवटी ठेवला आहे, लिहायला. मनगटापर्यंत आलो. घर थांबलं आहे, ऐकतं आहे. ऐक मग. मी तुझा नाही. माझी माणसं मी मोजतो, तू नाही. आम्ही दोघं होतो, दोघं आहोत, आणि तू काय रंग फासायचा तो

अंगठा गेला. बोटांत पेन धरून — ही बोलते आहे, अर्धं राहिलेलं वाक्य, पुढचा शब्द आत्ता ऐकू